खाडीकाठच्या वाडीतला दादा, त्याची दारू आणि दरमहा जाणारे पैसे

पागोळी

धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या अगदी कडेला असलेल्या एका वाडीत. नाव मुद्दाम देत नाही. लग्नानंतर मी डोंबिवलीत. गावच्या घरात काकी, माझा चुलत भाऊ (मी दादा म्हणते), वहिनी आणि त्यांची दोन मुलं. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत.

वाडी काही वर्षांपूर्वी नगरपंचायतीच्या हद्दीत आली. ग्रामसभा गेली, रोजगार हमीचं काम गेलं, घरपट्टी तेवढी वाढली. पाखाडी अजून तीच, पावसात घसरगुंडी. एसटी वर सड्यावर थांबते, तिथून उतरून यायचं. निवडणूक सोडली तर कोणी खाली उतरत नाही.

दादा बोटीवर खलाशी होता. जाळं विणायला त्याच्यासारखा हात वाडीत नव्हता. प्यायला बोटीवरच लागला. आता सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घेतो, मग दिवसभर घेतच राहतो. बोटीवर कोणी उभा करत नाही. वहिनी काजूच्या कारखान्यात जाते, किलोवर पैसे. महिला गटाचं मायक्रोफायनान्सचं कर्ज आहे, दर आठवड्याला हप्ता. घरामागची हापूसची कलमं दादाने तीन हंगामांच्या कराराने दिली आणि आगाऊ रक्कम घेऊन संपवली. काकीच्या पाटल्या पतसंस्थेत आहेत.

मी दर महिन्याला थोडे पैसे पाठवते. घरच्यांना वाटतं मी दारूचं बिल भरतेय. काकीचा फोन आला की मला राहवत नाही.

प्रश्न एकच. पैसे पाठवत राहू की बंद करू? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. ‘व्यसन वाईट’ हे ठाऊक आहे.

सोलकढी

वाचून कसंतरी झालं. पैसे नेमके कोणाच्या खात्यात जातात?

तिरफळ

माका इचारशात तर पैशे धाडू नको. तांदूळ, डाळ, त्याल घेऊन दी. आमच्या वाडीत असोच एक आसा. बायल काजी फोडूक जाता आणि हो सकाळी आठाक बाजारात हजर. पैशे दिसले काय बाटलीकडे पळता.

रेवस_रेडी

तिरफळबुवा, तांदूळ पण विकतात. आमच्या शेजारच्याने रेशनचे अंत्योदयचे ३५ किलो घरी न आणता वाटेतच विकलेले आहेत. मग आम्ही वाण्याकडे खातं उघडून दिलं, बिल आम्ही भरणार म्हणून. दोन महिन्यांनी बिलात ‘इतर’ असा एक रकाना आला. वाणी मागच्या खोलीत क्वार्टर ठेवत होता.

कुळीथपिठी

‘इतर’ 😂 हसू नये, पण.

सडेतोड

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. कोणी कोणाला धरून पाजत नाही. आंब्याची कलमं घरात असताना करारावर देऊन पिणारा माणूस स्वतःच्या कर्माने बुडतोय. आपल्याकडे कामं आहेत, करायला माणसं नाहीत. बागेत राखणीला आणि बोटीवर नेपाळी, चिरेखाणीवर कर्नाटकातले. आपले लोक पारावर. पैसे बंद करा, डोकं आपोआप ताळ्यावर येईल.

वल्हेकर

सडेतोड, बंदरावर चार दिवस राहून या आणि मग लिहा.

आमचा घरचा धंदा मासळीचा, म्हणून थोडं सविस्तर. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी. त्या दोन महिन्यांत खलाशाच्या घरात एक रुपया येत नाही. म्हणून तो हंगामाच्या आधी मालकाकडून उचल घेतो. उचल फिटेपर्यंत बोट सोडता येत नाही, आणि मासळी लागली नाही तर ती फिटतही नाही. पुढच्या हंगामाला जुनी बाकी अधिक नवी उचल. रात्ररात्र ओल्या अंगाने जाळं ओढायचं, झोप तुकड्यातुकड्यांनी. फेरीहून आल्यावर बाटली पुढे करणारे मालक मी पाहिलेत. दारूत अडकलेला माणूस उचल जास्त मागतो आणि भाव कमी करतो, हे त्यांना पक्कं कळतं. सगळे मालक असे नसतात, माझे वडीलही मालकच होते. पण ‘कोणी पाजत नाही’ हे बंदरावर खरं नाही.

आणि नेपाळी खलाशी आले ते आपले आळशी म्हणून आले नाहीत. ते हंगामभर बोटीवरच राहतात, घरी कोणी आजारी पडलं म्हणून उठून जात नाहीत. मालकाला तेच परवडतं.

सडेतोड

मान्य, बंदराचं मला माहीत नव्हतं. तरी कलमांचा मुद्दा उरतोच.

सोलकढी

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. खातं कोणाचं?

अनुजा_दापोली

पागोळी, आणखी एक विचारते, नको असेल तर उत्तर देऊ नकोस. तो वहिनीवर हात टाकतो का?

मनोवैद्य

मी या विषयातला डॉक्टर आहे, सरकारी नोकरीतला नाही. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य महत्त्वाचं आहे: सकाळी हात थरथरतात म्हणून घेतो. म्हणजे शरीराला दारूची सवय झाली आहे. अशा माणसाची दारू एका दिवसात तोडणं धोक्याचं असतं.

सडेतोड म्हणतात तसे पैसे बंद झाले आणि दारू खरंच थांबली, तर पहिल्या एकदोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो. माणूस नसलेली माणसं बघतो, अंगावर किडे चालतात म्हणतो, ताप येतो, घाम फुटतो. गावात याला ‘बाहेरचं लागलं’ म्हणून भगताकडे नेतात. त्यात माणसं दगावतात. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्या आणि थायमिन म्हणजे बी-१ देऊन.

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. नावाला घाबरून लोक तिकडे फिरकत नाहीत. बाह्यरुग्ण विभागात दाखवायला वेडं असावं लागत नाही. आधी फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६, दोन्हीकडे पैसे लागत नाहीत.

रेवस_रेडी

डॉक्टर, ती चहातून द्यायची गोळी मिळते म्हणतात ना? कळू न देता?

मनोवैद्य

कृपया कोणीही देऊ नका. ते औषध डायसल्फिराम. ते अंगात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. ज्याला ठाऊक आहे तो दारूपासून लांब राहतो, औषधाचा उपयोग तेवढाच. ज्याला ठाऊक नाही तो नेहमीसारखा पितो आणि जीव जाऊ शकतो. यकृताची तपासणी न करता तर मुळीच नाही.

कुळीथपिठी

आमच्या आत्येने एका बुवाकडून पुडी आणली होती. काका पुडीसकट चहा प्यायले आणि म्हणाले, आज आलं छान पडलंय.

गडगा

बुवाचं सोडा, आमच्याकडे ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून सोडवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात आणि गडी घरी येतो. गणपतीत सोडलेली शिमग्यापर्यंत टिकते. शिमग्याला पालखी नाचवायची म्हणजे थोडी लागतेच, मग पुन्हा नारळ. देवही कंटाळला असेल.

अनुजा_दापोली

थट्टा पुरे. माझ्या मामाने देवळात शब्द दिला तो मरेपर्यंत पाळला.

गडगा

पाळणारे असतात, नाही म्हणत नाही. पण मोडली की दुप्पट होतं. घरचे म्हणतात, देवाचंही ऐकलं नाही, आता काय उरलं. त्यालाही तेच वाटतं, मग तो कोणाच्या नजरेला नजर देत नाही.

एक_दिवस

मी दारुडा आहे. सध्या पीत नाही.

गडगा यांनी लिहिलंय ते खरं आहे. आयुष्यभराची शपथ मला कधी झेपली नाही. आज नाही प्यायची, एवढं झेपतं. मी पुण्याच्या मुक्तांगणमध्ये राहून आलो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं केंद्र. तिथून आल्यावर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा. तिथे फी नाही, नावही नीट विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळ्या सभा असतात. छोट्या गावात सभा नसते ही खरी अडचण. मी फोनवरून आणि ऑनलाइन सभांना बसायचो.

पैशाबद्दल. मला पैसे बंद झाले तेव्हा मी सोडली नाही. स्वस्तातली हातभट्टी घ्यायला लागलो, मग जो पाजेल त्याच्याकडे जाऊन बसायला लागलो. पैसे बंद करणं हे औषध आहे असं समजू नका. पण पैसे चालू ठेवणं म्हणजे प्रेम, असंही समजू नका. तुमचे पैसे पोरांपर्यंत पोचतात का, एवढंच बघा. दादाचा हिशोब वेगळा ठेवा.

आणि ‘उचलून नेणारी केंद्रं’ गल्लीबोळात झालीत, चार माणसं गाडीतून येतात आणि हातपाय बांधून नेतात. त्यांच्या नादी लागू नका.

मनोवैद्य

त्याला जोडून: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात. पेशंटच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर त्याची रीत ठरलेली आहे. नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, तज्ज्ञांची तपासणी, आणि तेही आधी ३० दिवसांपर्यंत. बांधून नेणं कुठल्याच कलमात बसत नाही.

अनुजा_दापोली

वाडीतली दारूच बंद करता येणार नाही का? आडव्या बाटलीचं मतदान आमच्या शेजारच्या गावात झालं होतं.

रेवस_रेडी

झालं होतं आणि हरलं होतं, बरोबर? कारण सांगतो. गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिलांनी मागणी केली की मतदान लागतं, पण दुकान बंद व्हायला *एकूण* महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आलेल्यांच्या निम्म्याहून नव्हे. आपल्याकडे मतदारयादीतल्या निम्म्या बायका मुंबईत, विरारमध्ये, सुरतेत. त्यांना गणपतीला सुट्टी मिळते, बाटलीच्या मतदानाला कोण देणार? न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते.

अनुजा_दापोली

बरोबर. हरलंच होतं. या अंगाने विचार केला नव्हता.

वल्हेकर

शिवाय ते मतदान परवान्याच्या दुकानापुरतं. पागोळीच्या वाडीत परवान्याचं दुकान तरी आहे का? असल्या वाड्यांत गोव्याची दारू घरातून विकतात. गोव्यात कर कमी, म्हणून बांद्यापासून वर कोकणभर ती चोरून येते. भाजीच्या, मासळीच्या गाडीतून. पकडतात, पेपरात फोटो येतो, आठ दिवसांनी परत चालू.

तिरफळ

गोव्याची म्हटल्यार चव बरी आसता 😀

सोलकढी

तिरफळ!!

बंदररोड

तुम्ही दारूवरच अडलात. २०२३ च्या ऑगस्टात दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली होती, आठवतंय? तेव्हापासून आमच्याकडे शाळेतल्या पोरांनासुद्धा त्याचा भाव तोंडपाठ आहे. पागोळीच्या पाचवीतल्या भाच्यावर लक्ष ठेवा.

पागोळी

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, ऑफिसमुळे उशीर झाला.

सोलकढी, खातं वहिनीचंच आहे. एटीएम कार्ड दादाकडे. लाडकी बहीणचे १५०० पण त्याच खात्यात येतात. पैसे आल्याचा मेसेज दादाच्या फोनवर जातो, म्हणजे वहिनीच्या आधी त्याला कळतं.

अनुजा, हो. टाकतो.

वल्हेकर, उचलीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून दादाच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. वाडीत परवान्याचं दुकान नाही. दोन घरं आहेत. एक आमच्याच भावकीतलं, त्यामुळे तक्रार करायला कोणी पुढे येत नाही. ज्या घरातून दादा दारू आणतो त्याच घरची बाई आमच्याकडे हळदीकुंकवाला येते.

काल वहिनीशी बोलले. दादा नसताना, कारखान्याच्या गेटवरून तिनेच फोन केला. म्हणाली, ताई, पैसे बंद केलेत तरी चालतील, पण पोरीला दहावीपर्यंत तुमच्याकडे ठेवा. मला काय बोलावं सुचलं नाही. आमचं वन बीएचके, सासूबाई आहेत. तरी जमवता येईल. मुलगी हुशार आहे.

कुळीथपिठी

घेऊन या तिला. एक तरी सुटेल.

सडेतोड

यावेळी मी पण हेच म्हणतो.

चिकणमाती

बराच वेळ नुसतं वाचत होते. मी अशीच पाठवलेली मुलगी आहे, म्हणून लिहिते.

वडील प्यायचे. मला आठवीत मुंबईला मावशीकडे पाठवलं. मावशी वाईट नव्हती. पण दुसऱ्याच्या घरात राहणारी मुलगी न सांगता भांडी घासते, धाकट्यांना शाळेत सोडते, दुसऱ्यांदा भात मागत नाही. अभ्यास रात्री अकरानंतर, स्वयंपाकघरात. शिकले, नोकरीला लागले, मावशीचे उपकार आहेतच.

पण मी निघाल्यावर आईकडे घरात बोलायला कोणी उरलं नाही. वडील हात उचलायचे तेव्हा मधे मी उभी राहायचे. मी गेल्यावर माझा भाऊ उभा राहायला लागला, आणि तो तेव्हा खूप लहान होता. पुढे तोही प्यायला लागला.

नेऊ नका असं म्हणत नाही मी. मुलीला विचारलंत का? वहिनीने विचारलं असेल असं धरून चालू नका. आणि नेलीत तर मुलाचं काय, हेही त्याच दिवशी ठरवा.

एक_दिवस

चिकणमाती, धन्यवाद लिहिल्याबद्दल. माझी मुलगी असंच काहीतरी लिहील.

अनुजा_दापोली

पागोळी, मारहाणीसाठी १८१ हा महिलांचा नंबर आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे पोलीस केस न करताही अर्ज देता येतो. त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो, घर सोडायची गरज नाही. वहिनीला आत्ता काही करायचं नसेल तर करू नये. पण तिला हे माहीत तर असू दे. नंबर फोनमध्ये दुसऱ्या नावाने सेव्ह करायला सांग, ‘कारखाना सुपरवायझर’ वगैरे.

सोलकढी

आता पैशाचं बोलूया, मूळ प्रश्न तोच होता. मी बँकेत होते. वहिनीने पोस्टात नवं खातं उघडावं, पोस्ट पेमेंट्स बँकेचं. फोन नंबर तिचा स्वतःचा, कार्ड घ्यायचंच नाही, अंगठ्यावर पैसे काढायचे. पोस्टमन घरी येऊनही देतो, तिने कारखान्याजवळ बोलवावं. आणि आधार त्या खात्याला जोडून घ्यायचं. सरकारी पैसे आधार ज्या खात्याला जोडलंय तिकडे जातात, त्यामुळे लाडकी बहीणचे १५०० पण तिकडे वळतील. तुमचे पैसेही तिकडेच.

कुळीथपिठी

मुलीच्या नावाने सुकन्या काढा ना.

सोलकढी

सुकन्या दहा वर्षांच्या आतच उघडता येतं, ती नववीत आहे. साधं रिकरिंग काढा.

तिरफळ

आणि जुन्या खात्यात पैशे इले नाय म्हणान तो घरात बोंब मारतलो त्याचा काय?

सोलकढी

हा प्रश्न बरोबर आहे. जुन्या खात्यात पागोळीने थोडे पाठवत राहावे, आत्तापेक्षा कमी. एकदम शून्य केलं तर राग वहिनीवर निघेल.

सडेतोड

म्हणजे दारूला पैसे पाठवायचेच?

सोलकढी

हो. काही महिने. डॉक्टरांनी वर लिहिलंय ते परत वाचा, आणि अनुजाच्या प्रश्नाचं पागोळीने दिलेलं उत्तरही.

गडगा

कलमांबद्दल कोणीच बोललं नाही. पागोळी, सातबारा कोणाच्या नावावर आहे?

पागोळी

आजोबांच्या नावावर होता. नंतर काका आणि बाबा. बाबा गेल्यावर वारस नोंद आम्ही केलेलीच नाही. आत्या वगैरे धरून खूप नावं आहेत.

गडगा

कोकणातला सातबारा म्हणजे गावजेवणाची यादी. ते असो. जमीन सामाईक असेल तर सगळ्यांच्या संमतीशिवाय एकट्या दादाने केलेला करार कच्चा आहे. वारस नोंद करून तुमचं नाव लावून घ्या. मग करार घेणाऱ्याला भेटा. भांडायला जाऊ नका, या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. त्याला सांगा, चालू करार पुरा कर, पुढचा करार माझ्या सहीशिवाय होणार नाही आणि रक्कम वहिनीच्या पोस्टाच्या खात्यात चेकने. व्यापाऱ्याला कागद स्वच्छ असलेला आवडतो, तो ऐकेल. दरमहा पाठवता त्यापेक्षा एका हंगामाच्या कलमांचे जास्त होतील, आणि ते वहिनीला मागावे लागणार नाहीत.

वल्हेकर

हे सगळ्यात उत्तम. आणि दादा बोटीवर नको, पण जाळी दुरुस्त करायला किनाऱ्यावर माणूस लागतो. हात थरथरायचे थांबले की, आधी नाही. तेव्हा मला व्यक्तिगत निरोप टाका. बंदीच्या दिवसांतच ते काम असतं आणि त्यात उचल घ्यावी लागत नाही.

पागोळी

पोस्टाचं वहिनीला सांगितलं. तिने आधी विचारलं की पोस्टमन भावकीतला नाही ना. नाही.

मुलीशी बोलले. ती म्हणाली, दहावीनंतर येईन, आत्ता नको, भाऊ एकटा पडेल. चिकणमाती, तुमचं वाचलं नसतं तर मी तिला विचारलंच नसतं.

दादाशी अजून बोलले नाही. मनोरुग्णालय म्हटलं की तो उठून जाईल. हात थरथरतात त्यावर गोळी घ्यायला जाऊ, एवढंच म्हणणार आहे. मे महिन्यात जाते आहे. पैसे चालू ठेवतेय, दोन ठिकाणी.

मनोवैद्य

असंच म्हणा. शक्यतो सकाळी लवकर न्या, आणि वाटेत त्याने थोडी घेतली तर भांडू नका. घेऊन आलेला पेशंट न आलेल्यापेक्षा बरा. किती पितो, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, हे वहिनीला विचारून कागदावर लिहून न्या.

गडगा

आणि वारस नोंदीला वडिलांच्या मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्यांचे आधार न्या. आत्यांची नावं गाळू नका, मग नोंद अडकते. मे महिन्यात तलाठी लग्नात सापडतो, ऑफिसात नाही. जाण्याआधी फोन करा.